इगर्जेतला ऑर्गन आणि गौरवीचा कान

गौरवीच्या मते अख्ख्या पेडणे तालुक्यात तिच्याइतका तिखट कान कुणाचाच नव्हता. शाळेच्या पेटीवादन स्पर्धेत पहिली आल्यापासून तर हे तिने वर्गालाच काय, बसच्या कंडक्टरलाही ऐकवलं होतं. म्हणून नदीकाठच्या इगर्जेतला, म्हणजे चर्चमधला, जुना पाइप ऑर्गन दुरुस्त करायचं काम तिच्या बाबांकडे, पेट्या दुरुस्त करणाऱ्या कृष्णनाथांकडे आलं, तेव्हा तिने जाहीरच करून टाकलं, "सूर मी लावणार!"

ऑर्गन कसला, छतापर्यंत गेलेलं कपाटच ते! कधीकाळी पोर्तुगालहून बोटीने आलेलं, पुढे होडीत घालून शापोरा नदीतून वर आणलेलं. इगर्जेत भजनं वाजवणाऱ्या सेबास्तियांवबाबांच्या लग्नात ते शेवटचं वाजलं होतं, आणि आता त्यांच्या नातवंडांचीही लग्नं झाली होती. उंदरांनी भात्याचं चामडं फस्त केलेलं, कुंभारमाश्यांनी नळ्यांत मातीची घरटी बांधलेली.

"बाबा, एवढ्या मातीत चवथीचा गणपती होईल!" नळ्या साफ करता करता गौरवी म्हणाली.

"आधी ऑर्गन होऊ दे," चामडं चिकटवत कृष्णनाथ म्हणाले.

इगर्जेचं फेस्त, वर्षाचा सण, रविवारी. तोवर ऑर्गन बोलला तर ठीक, नाहीतर नेहमीचा कीबोर्ड आणि ऑर्गन पुन्हा कुलपात, असं पाद्रींनी सांगून ठेवलं होतं. सेबास्तियांवबाब रोज येऊन बाकावर बसायचे आणि कपाटाकडे असे बघायचे, जणू आत कुणी आजारी माणूस झोपलंय.

सूर लावायची वेळ आली तेव्हा कृष्णनाथांनी बजावलं, "मोबाईलच्या ट्यूनरवर बघून लाव गो. काटा मध्ये आला की पुढची नळी."

गौरवीने तसं लावून पाहिलं. पण मोबाईल म्हणेल तो गंधार तिच्या कानाला आंबट लागायचा. एवढासा सूर उतरवला की कसा मधासारखा मिळायचा!

"मोबाईल काय रियाज करतो?" ती पुटपुटली आणि तिने तो पालथा ठेवला. भाऊ रुद्रेश भाता मारत होता. पांढरी एकला, म्हणजे पेटीच्या पहिल्या पांढऱ्या पट्टीला, सा धरून तिने एकेक नळी कानाने मिळवली. शनिवारी दुपारी सा, गंधार, पंचम एकत्र दाबले, तर देऊळच उभं राहिलं! म्हणजे इगर्जच, पण तिच्या अंगावर काटा आला तो देवळातल्यासारखाच.

तेवढ्यात सेबास्तियांवबाब येऊन ऑर्गनपुढे बसले. छातीवर क्रुसाची खूण करून त्यांनी फेस्ताचं भजन सुरू केलं, पांढरी दोनमध्ये, जन्मभर वाजवलं तसं.

आणि ऑर्गन गुरगुरला! सा आणि पंचम एकमेकांच्या झिंज्या उपटायला लागले.

"बाये, हो सूर न्हय गो," बाब घाबरून म्हणाले, "हें मांजर रडटा!"

कृष्णनाथांनी दोन पट्ट्या दाबल्या आणि लेकीकडे पाहिलं. "मोबाईल बघितलास?"

"बंद केला मी," गौरवीचा आवाज कधी नव्हे तो बारीक झाला. "कानाने लावला. पांढरी एकवर."

"म्हणून तिथे अमृत आणि दुसरीकडे मांजर. चर्चमध्ये सगळ्या पट्ट्या लागतात गो! म्हणून तर सगळीकडे थोडं थोडं आंबट ठेवायचं असतं." ते मटकन बसले. "आता परत लावायला दोन दिवस तरी हवेत."

रुद्रेश म्हणाला, "म्हणजे उद्या कीबोर्ड."

सेबास्तियांवबाब नुसता हात फिरवत राहिले लाकडावरून. ते पाहता पाहता गौरवीला कल्पना सुचली.

"बाब, भजन पांढरी एकवरून वाजवा ना! एक घर खाली."

"माझी बोटां म्हातारीं गो. तीं ह्याच वाटेन चलतात."

"माझी चालतात कुठूनही! गाणारा म्हणेल तिथे सा धरायचा, पेटीवर आम्ही तेच करतो. मी वाजवू?"

सेबास्तियांवबाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग कृष्णनाथांकडे. "हिका इतलें धाडस खंयच्यान आयलें हो?"

"विचारू नका," कृष्णनाथ म्हणाले. "घरी रोज हेच."

बाब मोठ्याने हसले. संध्याकाळपर्यंत भजन गुणगुणून त्यांनी तिला ते बसवून दिलं.

रविवारी इगर्ज खच्चून भरली. गौरवीने सा धरला, आणि नळ्यांतून निघालेला सूर थेट छताला जाऊन भिडला. एक घर खाली आल्याने भजनमंडळींना सगळं सोपं झालं. दरवर्षी जिथे सगळे किंचाळायचे तिथे या वेळी ऐसपैस आवाज लागला. आणि जन्मभर मंडळींकडे पाठ करून वाजवणारे सेबास्तियांवबाब पहिल्यांदाच त्यांच्यात उभे राहून गात होते, फणसासारखा जाड आवाज, डोळे मिटलेले.

भजन संपलं. पाद्रींनी बोलायला तोंड उघडलं.

"आनीक एक कडवें!" बाब ओरडले.

"बाब, कडवी संपली," कुणीतरी कुजबुजलं.

"मग पयल्यापासून!"

मागे रुद्रेशने कपाळावर हात मारला आणि पुन्हा भाता धरला. गौरवीने तर सुरुवातही केली होती.