बयाबाईच्या मरणाचा दाखला

गोरखच्या पासपोर्टात बायकोचं नाव बयाबाई होतं, आणि बयाबाईला जाऊन सदतीस वर्षं झाली होती. जिवंत होती ती दुसरी बायको, रत्ना. पासपोर्टातली ही गोष्ट विंझरला राहणाऱ्या रत्नाला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कळली, तीही भोरला, आनंदरावाच्या दुकानात, झेरॉक्सच्या घरघरीत उभं राहून.

आनंदराव लोकांचे कागद करून द्यायचा. आधार म्हणू नका, सातबारा म्हणू नका, पासपोर्ट म्हणू नका, सगळं त्याच्याकडे. त्यानं चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाला, "वहिनी, साहेबांनी दुबईहून पासपोर्टाची प्रत पाठवलीय, त्यात पत्नी बयाबाई. तुमच्या आधारवर रत्ना. मग व्हिसा कुणाचा काढायचा?"

रत्नाला हसू आलं होतं आणि ते तोंडातच आंबट झालं.

गोरखनं दुबईच्या बंदरात तीस वर्षं क्रेन चालवली. वर्षातून महिनाभर घरी यायचा, पाहुण्यासारखा राहायचा आणि जायचा. नोकरी संपली तरी आला नाही. तिथं त्यानं पै-पै करून एक खोली घेतली होती, गुडघ्याचा डॉक्टर तिथला होता, आणि म्हाताऱ्या माणसांना राहायचा परवाना तिथलं सरकार देत होतं. त्या परवान्यावर बायकोलाही नेता येत होतं. गौरीच्या सणाला फोनवर तो एकदम म्हणाला, "आता तरी ये गं हिकडं." तेव्हा रत्ना "आता काय म्हातारपणी!" म्हणून हसली आणि फोन ठेवल्यावर गोठ्यात जाऊन रडली. दोन म्हशी होत्या त्या तिनं पंधरा दिवसांत पानशेतला लेकीच्या घरी धाडून दिल्या. तिला जग बघायची हौस नव्हती. नवऱ्याबरोबर एका घरात राहणं म्हणजे काय असतं, एवढंच तिला मरायच्या आत एकदा बघायचं होतं.

आणि त्या घरात बयाबाई तिच्याआधी जाऊन बसली होती.

तशी बयाबाई तिला नवी नव्हती. लग्नाच्या दिवशीच साळूबाईंनी, म्हणजे सासूनं, मंगळसूत्राशेजारी बयाबाईच्या नावाचा चांदीचा टाक बांधला होता. दुसरेपणावर दिलेल्या बाईनं आधीचीचा टाक गळ्यात वागवायचा, नवी साडी आधी तिला दाखवायची, सणाचा पहिला घास तिच्या नावानं काढायचा, ही रीतच. एका दिवाळीला रत्ना विसरली, पिवळी साडी तशीच नेसली आणि चुलीपाशी पदर पेटला. तेव्हापासून विसरली नाही. गोरख परदेशी, सासू आंधळी झालेली, लेक शाळेत, अशा दुपारी ती ओसरीवर आडवी झाली की आत कुणीतरी हलक्या हातानं भांडी लावतंय असं वाटायचं. आधी रत्नाच्या अंगावर काटा यायचा. पुढं पुढं ती पडल्या पडल्याच म्हणायची, "ऱ्हाऊ दे गं, मी लावीन." माणसाला कशाचीही सवय होते, सवतीची सुद्धा.

रेशनकार्डातून बयाबाईचं नाव साळूबाईंनी खोडू दिलं नव्हतं. "मेलेल्या माणसाचं नाव खोडलं की ते घर सोडून मानगुटीवर बसतंय," असं त्यांचं शास्त्र. म्हणून रत्नाचं नाव आलं ते बयाबाईच्या खाली. त्या कार्डावरून पासपोर्ट काढला, लिहिणाऱ्यानं वरची बाई उचलली. रत्नानं मनाशी अशी समजूत घातली खरी, पण घरी येईपर्यंत ती टिकली नाही. पासपोर्ट तीन वेळा नवा झाला होता. तीनही वेळा अर्ज गोरखनंच भरला होता.

तिनं फोन लावला. "तिन्ही येळा तुमाला ते नाव दिसलं न्हाई व्हय?"

गोरख म्हणाला, "पयल्यापास्नं तसंच चाललंय. बदलाया गेलं की मागचं समदं उकरत्यात. आनंदरावाला इचार, कायतरी मार्ग असंल."

मार्ग होता. आनंदरावाकडे मार्ग नाही असं कधी होत नसे. बाँडपेपरवर लिहायचं की रत्ना आणि बयाबाई ही एकाच बाईची दोन नावं आहेत, खाली सही, वर शिक्का, काम संपलं. "लग्नात बायकांची नावं बदलतातच की, कोण विचारतंय," तो म्हणाला. "अहो, अख्ख्या तालुक्याचं नाव वेल्ह्याचं राजगड झालं, तुम्ही काय घेऊन बसलात!"

"तालुक्याला सवत न्हवती," रत्ना म्हणाली. "लुगडं आधी तिचं, घास आधी तिचा, आन् आता मीच ती? मग रत्ना कुठं गेली म्हनायची?"

आनंदरावानं बाँडपेपर परत खणात ठेवला. दुसरा मार्ग लांबचा होता. बयाबाई मेली हे आधी कागदावर आणायचं. ते कुठंच नव्हतं. तिला काविळीत झोळीत घालून तिच्या माहेराहून, डोंगरावरच्या कोंडवाडीहून, खाली विंझरच्या रस्त्याला आणत होते आणि ती वाटेत गेली. कोंडवाडीवाल्यांना वाटलं, वाटेवरचं खालचं गाव, जांभूळमाळ, लिहील. जांभूळमाळवाल्यांना वाटलं, बाई वरची, वरचे लिहितील. दोन्ही वह्या कोऱ्या राहिल्या. आता इतक्या वर्षांनी नोंद करायची तर भोरच्या कचेरीतून हुकूम हवा, त्यासाठी नवऱ्यानं समोर येऊन जबाब द्यायला हवा आणि मरण पाहिलेला साक्षीदार हवा.

"रत्ना म्हणून न्यायचं आसंल तर या," तिनं गोरखला सांगितलं. "न्हाईतर मी हितंच बरी."

तो आला. डिसेंबरात, स्वेटर घालून, पूर्वीपेक्षा वाकलेला. तीन दिवस घरात राहिला, पण खिडकीतून डोंगराकडे बघायचं त्यानं टाळलं. बयाबाईची झोळी ज्या खिंडीतून उतरवली ती तिथून स्वच्छ दिसते. रत्नानं एकदा जेवताना विचारलं, "तिचा शेवट कसा झाला, तुमी कधी सांगितलं न्हाई." तो म्हणाला, "मी म्होरं हुतो," आणि हात धुवायला उठला.

साक्षीदार म्हणजे नाथा, बयाबाईचा धाकटा भाऊ. अजून कोंडवाडीलाच शेरडं राखत होता. बहीण गेल्यावर त्यानं रत्नालाच बहिणीच्या जागी धरलं होतं, दर भाऊबीजेला साडी घेऊन यायचा. त्या दिवशी तो खांद्यावर घोंगडी टाकून पहाटेच उतरला आणि तिघं एसटीनं भोरला गेले.

कचेरीतल्या मॅडम तरुण होत्या. त्यांनी आपुलकीनं बसायला सांगितलं, कागद चाळले आणि नाथाला विचारलं, "मृत्यू नेमका कुठं झाला? ज्या गावच्या हद्दीत झाला, त्याच गावच्या वहीत नोंद होते."

"खिंडीत," नाथा म्हणाला. "कोंडवाडीच्या शिवंत."

"न्हाई," गोरख म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो टेबलाच्या कडेकडे बघत होता. "खिंडीत न्हाई. वड्यापतूर जित्ती हुती ती. वड्याला पानी लई हुतं. पाय घातला तवा म्या इचारलं, बया, बरी हाईस का? ती व्हय म्हनली."

"तुम्ही तिला पाहिलंत?"

"कसं बघनार? झोळीचा म्होरला दांडा माज्या खांद्यावर हुता. नाथा मागं. रस्त्याला आल्यावर खाली ठिवली, तवा बघितलं."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. ओढा म्हणजे जांभूळमाळची हद्द. दोन जबाब, दोन गावं, असा हुकूम त्यांना देता येत नव्हता. "बाहेर बसून आठवा," त्या म्हणाल्या. "पाच वाजेपर्यंत मी आहे. नाही जमलं तर पुढची तारीख मार्चमधली मिळेल."

दुबईच्या अर्जाची मुदत जानेवारीत संपत होती. हे तिघांनाही ठाऊक होतं.

गोरख आवारातल्या कट्ट्यावर लांब जाऊन बसला. रत्नानं नाथाला पायरीवर गाठलं. "खरं काय ते सांग मला."

नाथा काठीनं जमिनीवर रेघा ओढत राहिला. "आक्का, खिंडीत तिचा हात झोळीच्या भायेर आला. म्या धरला. एकदा बोटं आवळली तिनं, आन् मग सैल सोडली. दाजींस्नी सांगितलं आस्तं तर ते तितंच पावसात झोळी टाकून बसलं आस्तं. दोघंबी मेलो आस्तो. म्हनून गप चालत ऱ्हायलो."

"आन् वड्यात ते इचारत हुते तवा? तूच 'व्हय' म्हनलास न्हवं?"

"न्हाई." त्यानं मान वर केली. "म्या दात आवळून हुतो. तोंड उघडलं आस्तं तर हंबरडाच फुटला आस्ता. म्या न्हाई बोललो."

"मग कोन बोललं?"

"मला कायबी ऐकू आलं न्हाई, आक्का. नुस्तं पानी."

ऊन अंगावर होतं तरी रत्नानं पदर अंगाभोवती ओढून घेतला. मग तिनं, थोडी शरमेनंच, विचारलं, "नाथा, वढा म्हनून सांग ना. दोन्ही डोंगरच की. काय फरक पडतुय?"

नाथानं काठी पायरीवर आडवी ठेवली. "ती माज्या हातात गेली," तो म्हणाला. "तिचं तेवडंच माज्यापाशी हाय. ते कसं हलवू?"

रत्ना उठून गोरखपाशी गेली. नाथानं सांगितलेलं सगळं, बोटं आवळण्यापासून, तिनं त्याला जसंच्या तसं सांगितलं. तो ऐकत होता की नाही, कळेना. तिला त्याची दया आली आणि संतापही आला. सदतीस वर्षं हा माणूस एका शब्दावर जगला आणि तो शब्द कुणी उच्चारलाच नव्हता.

"म्या तुमाला जोर करत न्हाई," ती म्हणाली. "ती व्हय म्हनली आसं तुमचं मन म्हनत आसंल तर ऱ्हाऊ द्या. म्या विंझरला बरी हाय. पन दोगींना न्यायचं जमायचं न्हाई. तिला तरी न्या, न्हाईतर मला तरी."

पावणेपाचला तो उठला. गुडघ्यावर हात रोवून, एक एक पायरी चढून आत गेला. रत्ना आणि नाथा मागोमाग. मॅडमच्या समोर उभा राहून तो म्हणाला, "खिंड लिवा."

"नक्की?"

"खिंडीतच ग्येली. नाथा म्हनतो ते खरं." त्यानं सही केली. सही नेहमीसारखीच आली, सरळ. मॅडमनी हुकमावर शिक्का मारला आणि म्हणाल्या, "बयाबाई गोरख, मयत. आठ दिवसांत गावातून दाखला मिळेल. मग तुमच्या लग्नाची नोंद रत्नाबाईंच्या नावानं करून घ्या, पुढं अडचण नाही."

नाथानं डोळे पुसले. रत्नाचं काम झालं होतं. दुबईच्या खोलीत स्वयंपाकघर कसं असेल, खिडकी कुठल्या दिशेला असेल, हे तिच्या मनात आपसूक येऊन गेलं. इतके महिने तिनं तेही मनात येऊ दिलं नव्हतं. तिला गोरखशी काहीतरी चांगलं बोलावंसं वाटलं, पण तो केव्हाच बाहेर पडला होता.

नाथाला बाजारातून मीठ घ्यायचं होतं, तो तिकडे वळला. गोरख एसटी स्टँडच्या वाटेला लागला होता. आठ-दहा पावलांवर त्याची पाठ दिसत होती. बाजार सुटायची वेळ, टेम्पो आणि माणसांची गर्दी. रत्ना पिशवी सावरत कचेरीच्या फाटकापाशी आली, तेवढ्यात त्यानं न वळताच विचारलं, "बरी हाईस न्हवं? येतीस ना?"

इतक्या वर्षांत त्यानं तिला असं कधी विचारलं नव्हतं. "व्हय" तिच्या ओठांवर आलं होतं. पण ते तिथंच थांबलं. एकदा वळून बघू दे, तिला वाटलं. आपल्याकडे बघून विचारू दे. एवढंच. ती फाटकात उभी राहिली आणि गप्प राहिली.

गोरखनं मान हलवली. उत्तर मिळाल्यावर माणूस हलवतो तशी. त्याचे खांदे सैल झाले. "मग झालं," तो म्हणाला आणि पुढं निघाला, पण आता सावकाश, खड्डा चुकवत, मागच्याला हिसका बसू नये म्हणून जपून टाकावं तसं एक एक पाऊल टाकत. उजवा खांदा दांडा घेतल्यासारखा किंचित खाली झुकला होता. कोपऱ्यावर पोचेपर्यंत तो मधून मधून मान न वळवता काहीतरी बोलत होता, पुन्हा मान हलवत होता. रत्ना फाटकातच उभी होती. त्यानं एकदाही मागं पाहिलं नाही.