मास्तरांचं माप

मास्तर जातिवंत शिंपी, त्यांना ढगळ कपड्याचा मनापासून राग. एकदा कुणाच्या तरी लग्नात नवरदेवाचा कोट खांद्यावर सैल दिसला, तर हे जेवण सोडून सुई घेऊन बसले होते. म्हणून त्या वर्षी त्यांच्यावर एकामागून एक घाव बसले तरी लोक म्हणत, "मास्तर बघा, कसे ताठ! शर्ट कसा अंगावरच शिवल्यासारखा." लोकांचं काय जातं म्हणायला!

आधी मास्तरीणबाई गेल्या. जन्मभर समोरच्या स्टुलावर बसून काज-बटणं केलेली बाई, ताप आला म्हणून निजली ती उठलीच नाही. मग रस्ता रुंद करायचा म्हणून दुकान पाडलं आणि मशीन घराच्या पुढच्या खोलीत आलं. त्याच्या पाठोपाठ मुलगी नवऱ्याचं घर सोडून दोन बॅगा घेऊन दारात उभी राहिली. मास्तरांनी तिला काही म्हणजे काही विचारलं नाही. "आलीस चिंगे? बरं झालं," एवढंच म्हणाले आणि मशीन सरकवून तिच्या पलंगाला जागा केली.

चिंगीने पुढचे महिने भिंतीकडे तोंड करून काढले. स्वयंपाक करायची, बापाचं ताट झाकून ठेवायची आणि परत आडवी व्हायची. सकाळी ताट धुतलेलं दिसायचं, म्हणजे जेवले असतील. ते सारखे पाण्याला उठायचे, तांबेच्या तांबे रिकामे करायचे. तिला वाटायचं, झोप लागत नसेल. झोप तिला तरी कुठे लागत होती?

एका दुपारी तिने खूप दिवसांनी इस्त्री हातात घेतली. बापाची पँट उलटी केली आणि ती थबकली. शिलाईच्या आत शिंपी थोडं जास्तीचं कापड सोडतात, पण इथे ते पंजाभर दुमडलेलं होतं. एक टीप उसवून आत दुसरी, तिच्याही आत तिसरी. पँट सुलट केली तर मागचे दोन्ही खिसे एकमेकांना भिडलेले. शिंप्याच्या मुलीला आणखी काय सांगायला हवं? तिने कपाट उपसलं. सगळ्या शर्टांची, सगळ्या पँटींची तीच गत.

"बाबा, इकडे या." तिने त्यांच्याच गळ्यातली टेप काढली.

"का ग, आता धंदा शिकतेस?" मास्तर हसले.

तिने टेप कमरेभोवती घेतली. मास्तरांनी सवयीने तिच्याखाली दोन बोटं घातली. कपडा काचू नये म्हणून गिऱ्हाइकाचं माप घेताना घालायचे तशी.

"बोटं काढा."

"राहू दे ग."

"बोटं काढा, बाबा!"

त्यांनी बोटं काढली. टेप आत येतच राहिली. चिंगी तिथेच फरशीवर बसली.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू म्हणाली असतीस, माझ्यामुळे झालं. तुझंच तुला काय कमी होतं?" मास्तर खाली बघत म्हणाले. "वाटलं, आज नाही तर उद्या भूक लागेल. घास तोंडात घेतला की समोरचं रिकामं स्टूल दिसतं, आणि घास फिरायला लागतो. मग ताट जायचं मागच्या गल्लीतल्या कुत्र्यांना. म्हटलं, निदान कपडे तरी नीट बसू देत."

हॉस्पिटलात डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि वर्षभरात घरात काही घडलं का, असं विचारलं. चिंगीने सांगितलं. आई, दुकान, मी. त्यांचं लिहिणं थांबलं.

"यातला एकच धक्का माणसाला पुरला असता," ते म्हणाले. "साखर आधीपासून थोडी असेल. मन खचलं, खाणं-झोपणं सुटलं, ती पार हाताबाहेर गेली. आता किडन्यांनाही झळ पोचलीय. महिनाभर आधी आणलं असतंत तर..."

"आणि आता?"

"काही दिवस गेल्याशिवाय मला काहीच सांगता येणार नाही."

महिनाभर आधी! महिनाभर आधी ती त्याच घरात, चार पावलांवर, नवऱ्याच्या फोनची वाट बघत पडली होती. तिला स्वतःची शिसारी आली.

नर्सने हॉस्पिटलचे कपडे दिले, सगळ्यांना एकाच मापाचे. पडदा सरकला आणि चिंगीला तिचा बाप दिसला. शर्टाचे खांदे दंडावर उतरलेले, गळ्यातून हाडं वर आलेली. पायजमा एका मुठीत आवळून मास्तर उभे होते.

"अशी बघू नकोस ग. कुणाकडे सुई-दोरा मिळतो का बघ. दोन टाके घालतो."

"नाही."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत!" ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की अख्खा वॉर्ड वळून बघायला लागला. "दिसू दे सगळ्यांना! मला दिसू दे! मी काय मेले होते घरात?"

मास्तरांनी काहीतरी थट्टा करायला तोंड उघडलं, पण निघालं भलतंच.

"चिंगे, मला मरायचं नाहीये ग," ते म्हणाले, आणि बायकोच्या वेळीही न रडलेला तो माणूस हुंदके देऊन रडायला लागला. त्यांचे गुडघे वाकले. तिने त्यांना धरलं.

नर्स सलाईन घेऊन आली. "पलंगावर घ्या त्यांना," म्हणाली. हात द्यायला वॉर्डबॉय पुढे झाला, पण त्याची गरज पडली नाही. चिंगीला एकटीला बाप उचलता आला.