डिकीतले दिवे

दुसऱ्यांच्या चुका शोधणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. मी घरी बसून पुस्तकांची मुद्रितं तपासतो. चुकलेली वेलांटी मला पान उलटायच्या आधीच कळते, असं मीच चारचौघांत सांगत असतो. त्यामुळे आमची गाडी दारात उभ्या उभ्या बॅटरी गिळायला लागली, तेव्हा तिचं दुखणं मीच शोधून काढणार, असं मी जाहीर करून टाकलं. मला कुणी विचारलं नव्हतं.

सुरुवात झाली ती बायकोच्या मुलाखतीच्या दिवशी. ती नर्स आहे. एरवी हॉस्पिटलच्या बसने जाते, म्हणून गाडी बहुतेक दारातच असते. त्या दिवशी हेडनर्सच्या जागेसाठी मुलाखत होती आणि ‘मी सोडतो ना तुला,’ असं मी आदल्या दिवसापासून ऐकवत होतो. ती कडक इस्त्रीची साडी नेसून गाडीत बसली. मी ऐटीत किल्ली फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. पुन्हा टक्, आणि समोरचे काटे मान टाकल्यासारखे आडवे झाले.

ओळखीच्या मेकॅनिकला फोन केला. तो मोटरसायकलवरून आला, जाडजूड वायरी काढल्या, सोबत आणलेली बॅटरी आमच्या बॅटरीला जोडली आणि गाडी एका झटक्यात सुरू झाली. त्याने वायरी गुंडाळल्या. बायकोने सुटकेचा श्वास सोडला. आणि परत नीट सुरू होते ना, याची खात्री करावी म्हणून मी गाडी बंद केली आणि किल्ली फिरवली. टक्.

मेकॅनिक माझ्याकडे बघत राहिला. पुन्हा वायरी सोडेपर्यंत थांबायला बायको तयार नव्हती. ती उतरली, पदर खोचला आणि मेकॅनिकच्या मागे मोटरसायकलवर बसून मुलाखतीला गेली. जागा तिलाच मिळाली. केस विस्कटलेले असूनही मिळाली, हे ती अजून सांगते.

मेकॅनिकने बॅटरी नेऊन चार्ज केली, तपासली आणि परत आणून बसवली. म्हणाला, “बॅटरी ठणठणीत आहे. गाडी बंद असताना काहीतरी वीज खातंय. दोन दिवस गाडी माझ्याकडे सोडा, शोधून देतो.”

“मी बघतो,” मी म्हणालो. मला उत्तर आधीच मिळालं होतं. माझे सासरे, अप्पा, आमच्याकडेच राहतात. दुपारी ते गाडीत बसून रेडिओ ऐकतात, कारण घरात माझ्या कामाला आवाज चालत नाही. दुसऱ्या दिवशी चहा पिताना मी विषय काढला. आवाज शक्य तितका मऊ ठेवला.

“अप्पा, रेडिओ बंद करायचं राहत असेल कधी कधी. वयाने होतं असं.”

अप्पांनी कप खाली ठेवला. “जावईबापू, मी किल्ली काढून खुंटीला लावतो आणि मगच आत येतो. पण तुम्हाला संशय आहे ना? ठीक आहे. यापुढे तुमच्या गाडीला माझं बोट लागणार नाही.”

त्यांनी शब्द पाळला. गाडीजवळून जातानाही ते हात मागे बांधून जायला लागले. आणि आठवडा संपायच्या आत बॅटरी पुन्हा बसली.

अशा वेळी शहाणा माणूस माफी मागतो. मी वीज मोजायचा मीटर विकत आणला.

बॅटरी पुन्हा चार्ज करून घेतली आणि एका दुपारी कामाला लागलो. बॅटरीची काळी वायर सोडवायची आणि वायर व बॅटरी यांच्या मधोमध मीटर जोडायचा, म्हणजे बंद गाडी किती वीज ओढते ते दिसतं. थोडी प्रत्येक गाडी ओढते, घड्याळापुरती, कुलपापुरती. दारं लावून गाडीला जरा वेळ शांत झोपू द्यायचं आणि मग आकडा बघायचा. आमची झोपल्यावरही ढोसतच होती. मग एकेक फ्यूज उपसून बघितला. पहिल्या काही फ्यूजना आकडा ढिम्म हलला नाही. एक उपसला आणि आकडा धाडकन खाली आला. फ्यूजच्या डबीच्या झाकणावर लिहिलं होतं: आतले दिवे.

छतातला दिवा बंद होता. समोरच्या कप्प्यात दिवाच नव्हता. राहिला डिकीतला. झाकण उघडलं की तो लागतो, लावलं की विझतो. पण झाकण लावल्यावर खरंच विझतो का, हे बाहेरून कसं कळणार?

मी फ्यूज परत बसवला, काळी वायर घट्ट केली, बॉनेट लावलं, किल्ली ड्रायव्हरच्या सीटवर ठेवली आणि डिकीत शिरून वरून झाकण ओढून घेतलं.

दिवा चालूच होता! माझ्या नाकासमोर, मजेत जळत होता. मी आनंदाने ओरडलो, “सापडलं!” आणि मग झाकणाला आतून कडी नसते, हे त्याच उजेडात स्पष्ट दिसलं.

लाथा मारल्या, ढकलून पाहिलं. काही उपयोग झाला नाही. खिशात फोन होता, म्हणून बायकोला लावला.

“अहो, मी ड्यूटीवर आहे. कुठे आहात?”

“गाडीत.”

“मग?”

“डिकीत.”

“कुणी कोंडलं?”

“मीच. दिवा विझतो का बघायला.”

“फोन आहे ना हातात? तो व्हिडिओ चालू करून ठेवायचा आत, झाकण लावायचं, उघडून बघायचं.” तिचा आवाज हसू दाबल्यामुळे चिरकला होता. “थांबा, अप्पांना पाठवते.”

थोड्या वेळाने चपला वाजत आल्या आणि डिकीपाशी थांबल्या.

“जावईबापू, आत काय दिवे लावताय?”

“अप्पा, किल्ली सीटवर आहे. उघडा ना.”

“उघडलं असतं. पण बोट लावणार नाही म्हणालो होतो.”

“चुकलं माझं, अप्पा.”

“पत्र्यातून नीट ऐकू येत नाही.”

“चुकलं! तुमचा काही दोष नव्हता! तुम्ही रेडिओ बंदच करत होता!”

“आणि वयाचं काय म्हणाला होता?”

“तेही मागे घेतो!”

अप्पांनी किल्ली न घेता सीटखालच्या दांड्या ओढायला सुरुवात केली. आधी पेट्रोलचं झाकण उघडलं. मग बॉनेट. ते मुद्दाम करत होते की नाही, हे मी आजही विचारलेलं नाही. शेवटी डिकी उघडली. मी पाय दुमडून, मांजराच्या पिल्लासारखा पडलो होतो. अप्पांनी हात दिला आणि कपड्यांवरची धूळ झटकली.

दुखणं इवलंसं निघालं. झाकणाच्या आत एक रबरी बोंड होतं. झाकण लागलं की ते दिव्याचं बटण दाबायचं. ते झिजून गळून पडलं होतं. अप्पांनी जुन्या चपलेच्या टाचेचा तुकडा कापून तिथे घट्ट चिकटवला. मग फोन आत ठेवून व्हिडिओ काढला. झाकण लागताच चित्र काळं झालं.

हे कळल्यावर मेकॅनिकने आणखी एक सांगितलं: गाडी नुसती उभी ठेवू नका, आठवड्यातून एकदा चांगली लांब फिरवा, आणि फार दिवस गावाला जाणार असाल तर काळी वायर सोडून ठेवा. म्हणून आता दर रविवारी अप्पा आणि मी बाहेर पडतो. जायचं कुठेच नसतं, त्यामुळे रस्ता चुकला तरी बिघडत नाही. मागच्या रविवारी अप्पांनी मला एका शाळेजवळच्या वळणावर गाडी थांबवायला लावली आणि लहानपणी त्यांची लेक, म्हणजे माझी बायको, शाळेच्या कपाटात लपून तिथेच झोपून गेली होती, ती गोष्ट सांगितली. अख्खी शाळा तिला शोधत होती. मी इतका हसलो की मागच्या ट्रकवाल्याला भोंगा वाजवावा लागला.