मुकी मोटर

"तुझी ही मोटर मुकी आहे," असं म्हणून दाजींनी पाना फरशीवर आपटला. "जे बोलतच नाही ते मी दुरुस्त कसं करू?"

मोटरला काही झालेलं नाही, तुमचंच डोकं फिरलंय, असं मी मनात म्हणालो. तोंडाने म्हणालो, "शाफ्ट जरा वाकडा बसलाय. कपलिंग सैल करून पुन्हा बसवू."

"पुन्हा! काल पण पुन्हा, परवा पण पुन्हा!"

दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. तळ्याकाठी त्यांचं बोटींच्या इंजिनांचं वर्कशॉप आणि त्याच्यावरच दोन खोल्यांचं घर. त्यांच्या कानाची ख्याती अशी, की बोट धक्क्याला लागायच्या आत तिच्यात काय बिघडलंय ते सांगायचे. खात्री करायची असली तर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग निकाल: "व्हॉल्व्ह गेलाय." विषय संपला. अशा माणसाने स्वतःच्याच बोटीतलं पेट्रोलचं इंजिन काढून बॅटरीवरची मोटर बसवायला घेतली होती, आणि मदतीला मी. मी इलेक्ट्रिशियन आणि वर मेहुणा, म्हणजे शिव्या खायला दोन्हीकडून लायक.

हे सगळं ताईसाठी चाललं होतं. तिची छाती नाजूक. डॉक्टरांनी धुरापासून लांब राहायला सांगितलं, तेव्हापासून तिने बोटीत पाय ठेवला नव्हता. त्याआधी दोघांची प्रत्येक सुट्टी त्याच बोटीत गेलेली. तळ्यापलीकडच्या झाडांखाली जायचं, डबा खायचा, परत यायचं. एकदा खिडकीत बसल्या बसल्या ती म्हणाली, "धूर नसता तर आले असते हो एकदा." दुसऱ्या दिवशी सकाळी मला दाजींचा फोन. "बॅटरीवर बोट चालते का रे?"

चालते. फक्त चालवणारे दाजी नसावेत.

इंजिन मागे होतं म्हणून त्यांनी सगळ्या बॅटऱ्याही मागेच रचल्या. मी म्हणालो, थोड्या पुढे ठेवू. तर म्हणे, "वजन मागेच असतं. तू दिवे लाव, बोटीचं मला शिकवू नकोस." बोट पाण्यात उतरवली तर तिचं नाक आभाळाकडे! ताई वरच्या खिडकीतून बघत होती. ती खळखळून हसली, हसता हसता खोकला लागला आणि तिने खिडकी लावून घेतली. आम्ही त्या बॅटऱ्या कमरेचे काटे ढिले होईपर्यंत उचलून पुढच्या बाकाखाली नेल्या.

मग फ्यूज. जुन्या सवयीने दाजी वेगाचा दांडा खाडकन पुढे ढकलायचे आणि फ्यूज उडायचा.

"अहो दाजी, हळू!"

"रेस दिल्याशिवाय कळणार कसं, आतून काय म्हणतेय ते?"

"ती काही म्हणत नाही!"

"तेच तर म्हणतोय मी!"

पुन्हा फ्यूज उडाला, तेव्हा त्यांनी हातातलं फडकं भिरकावलं. "बास. जुनं इंजिन परत बसवतो. मला नाही जमायचं हे."

माझंही टाळकं सटकलं. "बसवा! आणि ताईला खिडकीतच बसवा!"

मला वाटलं, आता कानाखाली बसणार. पण ते खाली वाकले, फडकं उचललं, हात पुसले आणि म्हणाले, "फ्यूज दे."

अखेर एका रविवारी ताई बोटीत बसायला खाली उतरली. मधल्या पायरीवर थांबली. "चप्पल सैल झालीय," म्हणाली. दाजींनी तिला हात धरून बोटीत घेतलं. मी दांडा हळूच पुढे केला आणि बोट धक्क्यापासून सुटली, आवाज न करता. ताईने पाण्यात बोटं बुडवली. "अगं बाई," एवढंच म्हणाली. एवढ्या दिवसांच्या कटकटीचं माझ्यापुरतं तिथेच चीज झालं.

तळ्याच्या मध्यावर आलो आणि दाजींच्या कपाळाला आठी पडली.

"आवाज येतोय."

"कसला?" मी वैतागलो. आता पुन्हा सगळं खोलायचं!

"बारीक शिट्टीसारखा. थांबून थांबून. हवा अडतेय कुठेतरी."

"दाजी, मोटरचा आणि हवेचा काय संबंध?"

त्यांनी खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून मोटरवर टेकवला, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. मग शाफ्टवर टेकवला. मान हलवली. "बंद कर."

मी मोटर बंद केली. बोट थोडी सरकून थांबली. वारा नव्हता, पाणीही गप्प होतं. आणि आवाज येतच होता.

दाजींचे डोळे मिटलेलेच होते. तशीच त्यांनी मान हळूहळू वळवली आणि ती ताईच्या दिशेला येऊन थांबली. मग मलाही ऐकू आलं. ती पलीकडच्या झाडांकडे बघत होती, तोंडभर हसत होती, आणि प्रत्येक श्वासाला तिच्या छातीतून ती शिट्टी वाजत होती. घरी खाली कॉम्प्रेसर, वर टीव्ही, त्यात हे कधी ऐकूच आलं नव्हतं. शिवाय खोकल्याने दाजींची झोपमोड नको म्हणून ती कधीपासून बाहेरच्या खोलीत झोपायची.

"सापडला का बिघाड?" ताईने विचारलं.

दाजींनी डोळे उघडले. स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवला.

"बोटीत काही नाही."

"मग चला ना, झाडांपर्यंत."

मी मोटर सुरू केली. दाजी उठून तिच्या शेजारी जाऊन बसले आणि बोलायला लागले. बोटीचं नाक कसं वर गेलं, फ्यूज कसे उडाले, मेहुणा कसा बिनकामाचा आहे. एरवी दिवसाला चार वाक्यं बोलणारा माणूस थांबेचना. आणि बोलणंही कसं, तर जुन्या इंजिनाच्या वरताण ओरडून; ती शिट्टी त्यात पार बुडून गेली.

"अहो, ओरडताय कशाला?" ताई हसायला लागली. "आता इंजिन नाहीये. मी इथेच आहे."

"हो," दाजी म्हणाले, आणि पुन्हा तेवढ्याच मोठ्याने बोलू लागले.