सरावाचं बाळ

एकोणीसशे एकवीस साली आमच्या विद्यापीठानं मुलींना आईपण शिकवायला घेतलं, आणि त्यासाठी अनाथाश्रमातून एक बाळ शैक्षणिक वर्षाच्या बोलीवर आणलं. खोटं वाटत असेल तर आयोवात येऊन कुणालाही विचारा. गणिताला फळा लागतो तसं गृहशास्त्राला बाळ लागतं, असं व्हिटकॉमबाईंचं म्हणणं. बाई विभागप्रमुख. लग्न केलेलं नाही, पण बाळांवर दोन पुस्तकं लिहिलेली.

बाळ चार महिन्यांचं. सहा मुली त्याच्या आया, प्रत्येकीची पाळी एक आठवडा. दूध घड्याळ बघून. रडलं तरी वेळेआधी उचलायचं नाही, उचललं की बिघडतं म्हणे. सगळं भिंतीवरच्या तक्त्यात लिहायचं. बाळ ठेवलं होतं त्या घरात मी धुणं करायची, दिवसाला बावीस लंगोट. मला तर बाळाला हात लावायचीच बंदी होती.

आता खरं सांगते. माझ्या आणि आक्सेलच्या लग्नाला अकरा वर्षं झाली, पाळणा काही हलला नाही. दोनदा अनाथाश्रमात अर्ज केला. दोन्हीदा परत आला, कारण 'मूल सांभाळल्याचा अनुभव' या रकान्यात आम्ही 'नाही' लिहिलं होतं. मूल नाही म्हणून अनुभव नाही, अनुभव नाही म्हणून मूल नाही. असल्या डोक्यांपुढे काय बोलणार?

सप्टेंबरभर बाळाचं वजन तोळाभरही वाढलं नाही. ऑक्टोबरात एका दुपारी तीनला ते वर रडत होतं आणि पाळीवरची आई खाली वही लिहीत होती. मी वाळलेल्या कपड्यांची टोपली घेऊन वर गेले. म्हटलं, खड्ड्यात गेली ती बंदी, आणि उचललं त्याला. त्यानं माझा कान घट्ट धरला आणि गप्प झालं. तेव्हापासून रोज तीन ते चार ते माझ्या टोपलीत, ऊबदार कपड्यांत झोपायचं. मी त्याला ओले म्हणायची, आमच्या मुलखातलं नाव ते.

नोव्हेंबरात वजन चढायला लागलं. "बघ हुल्डा, याला म्हणतात पद्धत," बाई म्हणाल्या.

"हो बाई," मी लंगोट पिळत म्हटलं.

मे महिन्यात ओले परत जायचा होता. शास्त्रशुद्ध वाढलेलं बाळ म्हणून दत्तक घ्यायला बड्या घरांची रांग लागली होती. मी तिसरा अर्ज भरून आठवडाभर टोपलीत घेऊन फिरत होते, तो रकाना तेवढा कोरा. द्यायचा धीर होईना.

निरोपाच्या दिवशी विद्यापीठाचे विश्वस्त आले, अनाथाश्रमाच्या प्रॅटबाई आल्या. व्हिटकॉमबाईंनी भाषण सुरू केलं आणि गालिच्यावर बसलेल्या ओलेनं भोकाड पसरलं. नियम म्हणजे नियम, कुणी उचलेना. शेवटी एक म्हातारे विश्वस्त वैतागले. "अहो, याची आई कोण?"

सहाही जणी तक्ता बघायला लागल्या. "या आठवड्यात अ‍ॅग्नेस," एक म्हणाली.

"माझा आठवडा आज दुपारी बारालाच संपला," अ‍ॅग्नेस म्हणाली.

तेवढ्यात मी धुतलेली टेबलावरची कापडं घेऊन दारात आले आणि टोपली खाली ठेवली. ओले रडायचा थांबला, तुरुतुरु रांगत आला आणि टोपलीत चढायला गेला. टोपली कलंडली. त्यातून छोटी उशी निघाली, दोऱ्याच्या रिळांचा खुळखुळा निघाला, अर्धा चघळलेला टोस्ट निघाला, आणि माझा अर्ज.

"हे कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"ऑक्टोबरपासून, बाई. रोज तीन ते चार." नोकरी गेली हे कळलंच होतं. आता ओलेही गेला.

बाई तक्त्यापाशी गेल्या. वजनाच्या ओळीवर ऑक्टोबरपासून मेपर्यंत बोट फिरवलं. मग त्यांनी खाली पडलेला अर्ज उचलला, शेवटपर्यंत वाचला, आणि पेन काढून कोऱ्या रकान्यात लिहिलं: 'तीस आठवडे, विद्यापीठात, प्रत्यक्ष काम. वजनात वाढ नऊ पौंड.' खाली सही केली आणि कागद प्रॅटबाईंच्या हातात दिला.

मग घड्याळ बघितलं. "तीन वाजले, हुल्डा," त्या म्हणाल्या. "त्याला उचलायची वेळ झाली."

सहाही जणींनी ते वहीत लिहून घेतलं.