खालून पहिली

नागपूरची आसावरी अमेरिकेतल्या हर्नडन गावच्या एका खासगी शाळेत गणित शिकवायची. २००६ साली शाळेच्या एचआरने मुलांच्या मार्कांवरून शिक्षकांना रेटिंग देणं सुरू केलं. आसावरी पहिली आली. नव्याने अमेरिकेत आलेल्या, इंग्रजी न कळणाऱ्या मुलांना जीव तोडून गणित शिकवणारी लिंडा शेवटची ठरली. भर मीटिंगमध्ये ती मान खाली घालून बसली.

आसावरी उठली. "पुढच्या वर्षी लिंडाचा वर्ग मला द्या, माझा तिला."

"तुमचा व्हिसा शाळेच्या हातात आहे," एचआरच्या बाईंनी सुनावलं.

"माहीत आहे. वर्ग द्या."

घरी तिच्या नवऱ्याने, यतीनने, डोक्याला हात लावला. "तुला काय पडलंय यार?"

"आज तिला मान खाली घालायला लावली, उद्या मला लावतील."

वर्ग बदलून मिळाले. वर्ष सरलं. लिंडा पहिली आली आणि आसावरी शेवटची. एचआरच्या बाईंनी आसावरीला बोलावून जाब विचारला.

"वर्षभरात मी गणित विसरले, की लिंडा नव्याने शिकली? तुम्हीच सांगा."

रेटिंगची पद्धत काही बदलली नाही. आसावरीने मात्र तोच वर्ग पुन्हा मागून घेतला.