नऊ मीटर चाळीस

"खांबाला चुना नको, ऑइलपेंट मारा. दोन हात," ओव्हरसियर गुंडप्पा म्हणाला. "परवा नव्या जिल्ह्याचे साहेब नदी बघायला येणार हायत."

नदीत बघण्यासारखं काही नव्हतं. लातूर जिल्हा होऊन वर्ष भरलं नव्हतं आणि मांजरा दुसऱ्या उन्हाळ्यातही कोरडी पडली होती. मडिवाळप्पा एकवीस वर्षं पाणीमोजणीच्या नोकरीत. रोज सकाळी आठला घाटावर जाऊन तो वहीत शून्य लिहायचा. शून्य लिहायलाही सरकारला माणूस लागतो, याचं त्याला पूर्वी हसू यायचं. आता तेही येत नव्हतं.

मोजणीचा दगडी खांब निजामाच्या काळातला. कुणा इंग्रज इंजिनिअरने पुलाबरोबरच उभा केलेला. त्यावर फुटांचे उर्दू आकडे होते आणि घाटाच्या वरच्या पायरीवरून हात पुरेल अशी एक आडवी रेघ होती. ती मडिवाळप्पाच्या बापाने छिन्नीने कोरली होती. एका पुरात पाणी तिथवर चढलं आणि मडिवाळप्पाची आई, अव्वा, वाहून गेली. प्रेत सापडलं नाही. लिंगायतांत माणसाला पुरतात, समाधी बांधतात. इथे पुरायलाच काही नव्हतं. म्हणून श्रावणात घरचे त्या रेघेला विभूती लावत.

"साहेब, येक रेघ हाय. तेवढी सोडतो."

"सरकारी खांब हाय, मडिवाळप्पा. आता मीटरचे आकडे येणार. खाचा समद्या सिमेंटनं बुजवा."

"हाव," तो म्हणाला.

त्याने अंगठ्याने सिमेंट दाबत आधी उर्दू आकडे बुजवले, मग त्याच अंगठ्याने रेघ. पोटात तुटायला हवं होतं. तुटलं नाही, आणि त्याचीच त्याला भीती वाटली. मग त्याने पांढऱ्या रंगाचे दोन हात मारले आणि वर काळ्याने मीटरचे आकडे काढले.

साहेब आले, पुलावरूनच बघून गेले.

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी, नदी अजून कोरडीच असताना, त्याची बायको नीलम्मा विभूती घेऊन घाटावर आली. पांढराफेक खांब बघून थबकली.

"अव्वा कुठं हायत?"

मडिवाळप्पाने काळ्या आकड्यांवरून नजर फिरवली. "नऊ मीटर चाळीस."

तिने तिथे तीन बोटांनी विभूती ओढली. पांढऱ्यावर पांढरं काहीच उमटलं नाही. तिने पुन्हा ओढली.

"लागली का हो?"

"लागली," तो म्हणाला. आठ वाजले होते. त्याने वही उघडली आणि शून्य लिहिलं.